नाशिक : पायऱ्या, मुरूम आणि एक संकेतस्थळ

नाशिकच्या दिंडोरी बाजूला काही मंडळी आपल्या मळ्यात खुले संग्रहालय उभारत आहेत. मोट आणि तिची चाके, दगडी घाणा, पाभर, कुळव, जाती, उखळे, पाडलेल्या वाड्यांतून वाचवलेली दारे आणि तुळया असा संग्रह झाडांखाली व मांडवांखाली मांडला जात आहे. लोकांसाठी ते खुले होण्याआधी दिव्यांग पाहुण्यांच्या दृष्टीने तपासून द्यावे, अशी विनंती त्यांनी केली आणि मी माझी आत्या व आमचे एक स्नेही यांना घेऊन पुण्याहून निघालो. आत्या बरीच वर्षे चाकाची खुर्ची वापरते. स्नेही पूर्ण दृष्टिहीन आहेत, माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतात आणि आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. तपासणारे खरे ते दोघेच; माझ्याकडे गाडी चालवण्याचे आणि टिपणे घेण्याचे काम होते.

मळ्यावर जाण्यापूर्वी पांडवलेणी पाहायची, हा आग्रह सरांचा. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरात ही २४ लेणी आहेत आणि तिथवर पायऱ्यांची चढण आहे. गाडीतून वर पाहतच आत्या म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी इथे सावलीत बसते." अशा ठिकाणी उतार का बांधत नाहीत, असे अनेकदा विचारले जाते. उताराचे गणित मात्र कठोर असते. चाकाच्या खुर्चीसाठी उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी लागते. केवळ ५० मीटर उंची गाठायची म्हटली तरी ६०० मीटरांचा उतार होईल, आणि मधल्या विसाव्याच्या सपाट जागा त्याशिवाय. संरक्षित डोंगरावर एवढे खोदकाम कोणी मागू नये, असे माझेही मत आहे. पण आत्याला वर नेता येत नसेल, तर लेण्यांतले काही तरी खाली आणणे शक्य आहे. हाताने चाचपता येईल अशी डोंगराची प्रतिकृती, शिलालेखांचे साचे, बसल्या जागी पाहता येईल असा उपशीर्षकांसह चित्रपट, एवढे पायथ्याशी असले तर तिची सकाळ वाहनतळावर गेली नसती. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ साली 'अनुभव' नावाचे स्पर्शदालन याच विचाराने सुरू झाले.

सर माझ्या कोपराला धरून चढले. दृष्टिहीन व्यक्तीला आपण धरायचे नसते. तिने आपल्याला धरायचे असते, म्हणजे पायरी आली की आपल्या हाताच्या हालचालीवरून तिला ती आधीच कळते. तिसऱ्या लेण्याच्या मंडपात शिरताच त्यांनी हलकेच टाळी वाजवली आणि प्रतिध्वनीवरून जागेचा अंदाज घेतला. ओसरीचा भार खांद्यावर वाहणारे यक्ष मी त्यांना शब्दांत सांगितले. शिल्पांना हात लावायचा नाही हा नियम योग्यच आहे, फक्त तो पाळताना सरांच्या वाट्याला माझे वर्णनच काय ते आले. दहाव्या लेण्यात मात्र वर्णनाची फारशी गरज पडली नाही. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने तिथे एका अक्षयनिधीचा, म्हणजे मूळ रक्कम न मोडता व्याजातून चालणाऱ्या दानाचा, लेख कोरून ठेवला आहे : गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यवसायसंघाकडे) २००० कार्षापण (त्या काळची नाणी) दरमहा एक टक्का व्याजाने, दुसरीकडे १००० कार्षापण पाऊण टक्क्याने, पहिल्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. मी आकडे सांगायचा अवकाश, सर म्हणाले, "महिन्याला २०, वर्षाला २४०, भागिले २०. बरोबर बारा येतात. हा लेख उठावाच्या अक्षरांत खाली ठेवला तर माझ्या वर्गातली मुलं ब्राह्मी बोटांनी शिकतील." खाली आल्यावर त्यांनी हाच हिशेब आत्याला इतक्या रंगवून सांगितला, की लेणे पाहिलेला मी उगीचच गप्प बसलो.

दिंडोरीच्या वाटेवर सरांनी मंडळींचे संकेतस्थळ भ्रमणध्वनीवर उघडले. अँड्रॉइडमधील 'टॉकबॅक' ही सोय पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवते. मुखपृष्ठ उघडताच ती म्हणाली, "चित्र, चित्र, चित्र, दुवा, येथे क्लिक करा, दुवा, येथे क्लिक करा." संग्रहालयाची वेळ, तिकीट आणि पत्ता एका सुबक रंगीत फलकावर छापून त्याचे छायाचित्र चढवले होते. डोळसाला तो फलक देखणा वाटतो. वाचक-प्रणालीला त्यात एकही अक्षर सापडत नाही. इतिहासाचे पान जुन्या, युनिकोडपूर्व टंकात (ज्यात मराठी दिसणाऱ्या अक्षरांमागे रोमन अक्षरेच साठवलेली असतात) असल्याने तिथे नुसता रोमन अक्षरांचा गोंधळ ऐकू आला. उरलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये होता, परंतु पानाच्या संकेतात (कोडमध्ये) भाषा इंग्रजी अशी नोंदलेली. त्यामुळे इंग्रजी आवाज मराठी शब्दांशी झटापट करीत राहिला. हा दोष दुरुस्त करायला संकेताच्या सुरुवातीची दोन अक्षरे बदलावी लागतात. तिकिटाच्या अर्जाशेवटी वाकडीतिकडी अक्षरे ओळखण्याची परीक्षा होती, आणि त्या परीक्षेला ध्वनीचा पर्यायच नव्हता. सरांचा प्रवास तिथे संपला. फिकट पिवळ्या पार्श्वभूमीवरची राखाडी अक्षरे आत्यालाही वाचवेनात. साध्या मजकुराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५:१ एवढी तफावत असावी हा जगभर मानला जाणारा निकष आहे आणि तो केवळ दृष्टिहीनांसाठी नाही, चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी आहे.

मळ्यावर मंडळींनी आमचे मोठ्या अगत्याने स्वागत केले आणि प्रवेशद्वाराशी नवा कोरा उतार अभिमानाने दाखवला. जोते ४५ सेंटिमीटर उंच होते, म्हणजे उतार किमान ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब हवा. तो जेमतेम दोन मीटरांचा होता. आत्याने माझ्या मदतीशिवाय चढण्याचा प्रयत्न केला आणि अर्ध्यावर खुर्ची मागे झुकू लागली. बाजूचा पोलादी कठडा दुपारच्या उन्हाने असा तापला होता, की त्याला धरणे अशक्य. पुढची वाट खडीची होती. खडी दिसते छान, पण खुर्चीची पुढची छोटी चाके तिच्यात रुततात. मळ्यात रोज काम करणाऱ्या एका आजोबांनी लगेच उपाय सांगितला : खडी काढा, मुरूम पसरा, पाणी मारून रोलर फिरवा. काळ्या मातीवर पावसाळ्यात तो टिकण्यासाठी कडेने चर काढावे लागतील, हेही त्यांनीच सुचवले. कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेपेक्षा हा सल्ला मला अधिक मोलाचा वाटला.

खुल्या संग्रहालयाची खरी श्रीमंती त्यानंतर कळली. इथे काचपेट्या नाहीत. सरांनी पाभरीचे चाडे चाचपले, बी त्यातून नळ्यांत कसे उतरते ते बोटांनी शोधून काढले आणि तिचे फण मोजले. आत्याने बसल्या बसल्या जाते फिरवले आणि एक जुनी ओवी गुणगुणली. माहितीचे फलक मात्र उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर होते, आणि चकाकत्या पत्र्यावर छापल्यामुळे उन्हात कोणालाच वाचता येत नव्हते.

शौचालयाचे दार ९० सेंटिमीटरांचे होते, ही समाधानाची बाब; आत खुर्ची वळवण्यासाठी मात्र साधारण दीड मीटर मोकळी जागा लागते आणि तिथे झाडू, बादल्या व पाण्याचे पिंप ठेवलेले होते. महाराष्ट्रात फिरताना हे दृश्य मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे, की बांधकामापेक्षा वापराची शिस्त अवघड आहे, असे माझे मत झाले आहे. संध्याकाळी ओट्यावर चर्चा झाली. खर्चाचा विषय निघाला, तेव्हा सरांनी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची आणि नोव्हेंबर २०२४ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची आठवण करून दिली. सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशी असू शकत नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत, असे त्या निकालाने बजावले आहे. मंडळी जरा चपापली. त्यावर आत्या म्हणाली, "कायद्याचं राहू द्या. उतार उद्या होणार नाही, मला ठाऊक आहे. पण संकेतस्थळावर आजच खरं ते लिहा : विहिरीकडची वाट पावसात खुर्चीला चालत नाही, शौचालय कुठे आहे, मदतीला माणूस मिळेल की नाही, त्याचा दूरध्वनी कोणता. ते वाचून यायचं की नाही हे माझं मी ठरवीन."

मजकूर त्याच रात्री लिहायला घेतला. सर सांगत होते, मळ्यावरची एक मुलगी टंकत होती आणि प्रत्येक परिच्छेदानंतर 'टॉकबॅक' तो मोठ्याने वाचून दाखवत होते. विहिरीच्या वाटेबद्दलचे वाक्य मंडळींना जरा कठोर वाटले. ते सौम्य करायला आत्याने नकार दिला.