तुम्ही विचारलंत म्हणून: ब्लँकेट विकत का आणत नाही?

लोकलमध्ये माझ्या हातात क्रोशाची सुई दिसली की शेजारची बाई आधी रंगाचं कौतुक करते, मग कोणासाठी विणताय ते विचारते. परळला कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलांसाठी, असं सांगितलं की जरा थांबून ठरलेला प्रश्न येतो: "अहो, पण बाजारात तीनशे-चारशे रुपयांत तयार मिळतं की! एवढं खपायचं कशाला? आणि मुंबईत कोण पांघरतंय ब्लँकेट?"

उकाड्याचं आधी सांगते. बाहेर घामाच्या धारा लागल्या असल्या तरी केमोच्या खोलीत एसी चालू असतो. सलाईन तासन्‌तास चालतं, अंगात रक्त कमी असतं, मधूनच ताप चढून हुडहुडी भरते. केस गेलेले असल्यामुळे डोक्यालासुद्धा गार लागतं. भर मे महिन्यात ही मुलं पाय पोटाशी घेऊन पडलेली असतात.

आता विकत आणण्याचं. वॉर्डातल्या मुलाच्या मालकीचं असं तिथे जवळजवळ काही नसतं. चादर शिक्का मारलेली, ती रोज बदलते. कधी खायचं, काय खायचं नाही, सुई कुठल्या हाताला टोचायची, सगळं मोठी माणसं ठरवतात. मुलांच्या ज्या रक्ताच्या कॅन्सरला डॉक्टर एएलएल म्हणतात, त्याचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेशातून आलेली ही मुलं शाळा, मित्र, घरचं अंगण सोडून दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत, सेंट ज्यूड संस्थेच्या केंद्रात नाहीतर भाड्याच्या खोलीत राहत असतात. अशा मुलाला "हे तुझं, घरी न्यायचं" म्हणून दिलेली वस्तू दुसऱ्या कोणाकडेही नसेल अशी असावी, असं मला मनापासून वाटतं. क्रोशा अजूनही यंत्रावर होत नाही. साखळी, मुका खांब, खांब, एकूण एक टाका हातानंच घालावा लागतो, त्यामुळे दोन ब्लँकेटं अगदी सारखी कधीच उतरत नाहीत.

म्हणूनच मी कोणाच्या हातात ब्लँकेट कोंबत नाही, ढीग समोर ठेवते. एका चिमुरडीनं सगळी गुलाबी बाजूला सारून शेवाळी रंगाचं उचललं. रक्त काढायला ताई आल्या तेव्हा तिनं मोकळ्या हाताचं बोट काठावरून फिरवत एकेक उंचवटा मोजायला सुरुवात केली. सुई निघाली तरी तिचं मोजणं चालूच होतं.

विणायला बसणार असाल तर दया येऊन बसू नका, एवढी विनंती. उद्योगपती दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरनंच गेल्या. पैशाला तोटा नव्हता, त्या काळी औषधच नव्हतं. पुढे दोराबजींच्या नावाच्या ट्रस्टनं १९४१ साली परळला टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं हॉस्पिटल उभं केलं. मुलांमध्ये आजही हाच कॅन्सर सगळ्यांत जास्त आढळतो, पण उपचार वेळेवर सुरू होऊन पुरे झाले तर त्यातली बरीचशी मुलं बरी होतात. ती मोठी होणार आहेत. तेव्हा ब्लँकेट वर्षानुवर्षं टिकेल असं विणा.

सुती दोरा किंवा मऊ अॅक्रिलिक घ्या. अस्सल लोकर टोचते आणि गरम पाण्यात आटते. वीण घट्ट ठेवा. जाळीदार नमुना दिसतो सुरेख, पण त्यात लहान बोटं अडकतात, सलाईनची नळीही अडकते. गोंडे, मणी, बटणं नकोत. दोऱ्याची टोकं गाठ मारून कापू नका, सुईनं उलटसुलट ओवून विणीत लपवा, नाहीतर चार धुण्यांत उसवतं. साधारण तीन फूट बाय चार फूट पुरे, खाटेवरून खाली लोळता कामा नये. झाल्यावर वास नसलेल्या साबणानं धुऊन, कडक उन्हात वाळवून, पिशवीत बंद करा. केमोमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, जंतुसंसर्ग चटकन होतो, म्हणून घरातल्या मांजराचा एक केससुद्धा त्यात जाता कामा नये. आणि द्यायच्या आधी वॉर्डातल्या सिस्टरना विचारा. काही ठिकाणी बाहेरचं कापड आत चालत नाही, तिथे धर्मशाळेत द्यावं.

तुमचे ते तीनशे-चारशे रुपयेसुद्धा वाया जायचे नाहीत. मुलाच्या खाटेशेजारी जमिनीवर त्याची आई झोपलेली असते, बाप बाहेर पायरीवर नाहीतर फुटपाथवर. त्यांच्यासाठी तयार ब्लँकेट जरूर आणा, दोन आणा. त्यांना ते आज रात्रीच हवं असतं, आणि माझं विणून व्हायला महिना लागतो.