ट्रेनिंग नको, इन्सर्ट द्या

मी ट्रेनिंगमध्ये होते तेव्हा वर्षाचा हिशेब मॅन-डेजमध्ये व्हायचा. किती माणसं बसली, किती तास बसली, फीडबॅक फॉर्मवर पाचपैकी किती मिळाले. ऑडिट जवळ आलं की स्किल मॅट्रिक्समधले, म्हणजे कुणाला काय येतं त्या तक्त्यातले, गोल काळे करायचे. ट्रेनिंगचा परिणाम मोजायच्या किर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्या १९५९ पासून आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहेत, पण ‘सेशन आवडलं का?’ या पहिल्या पायरीच्या पुढे फारसं कुणी चढत नाही.

आता मी स्वतःला परफॉर्मन्स कन्सल्टंट म्हणवते. (आई नातेवाइकांना अजून ‘कंपन्यांमध्ये शिकवते’ असंच सांगते.) फरक काय, हे चाकणच्या एका कामावरून सांगते.

सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या, लाइनवर दुसऱ्या शिफ्टचं रिजेक्शन (बाद होणारे नग) वाढलं होतं. मागणी होती : ऑपरेटर्सना बोअर गेजचं (भोकाचा आतला व्यास मोजायचं साधन) एक दिवसाचं रिफ्रेशर द्या. मी म्हटलं, आधी दोन-तीन संध्याकाळी लाइनवर उभी राहते. प्लँट हेड साहेबांना ते फारसं रुचलं नाही, पण हो म्हणाले.

गेज पोरांना उत्तम वापरता येत होता. एकाने तर मलाच झीरो सेट करायला शिकवलं. मग म्हणाला, “मॅडम, इन्सर्ट झिजलंय हे आम्हाला आवाजावरनंच कळतं. पण नवं आणायचं कुठनं? स्टोअर सहाला बंद.” शिफ्ट सुटायची साडेअकराला. इन्सर्ट म्हणजे टूलचं बदलता येणारं कापायचं टोक. ते झिजलं की बोअर, म्हणजे आतलं भोक, लहान येतो, फिनिश बिघडतं. मशीनला ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, देऊन देऊन किती ओढणार? त्यात इन्सेन्टिव्ह एकूण नगांवर. मशीन थांबवणाऱ्याचाच तोटा.

थॉमस गिल्बर्ट यांनी १९७८ मध्ये कामगिरीचे सहा रकाने मांडले. माहिती, साधनं, मोबदला हे तीन माणसाच्या भोवतीचे. ज्ञान, क्षमता, इच्छा हे तीन त्याच्यातले. भोवतीचे आधी तपासा, असा त्यांचा आग्रह. ट्रेनिंगने भरतो तो फक्त ज्ञानाचा रकाना, आणि इथे तो आधीच भरलेला होता.

हे शोधणं मला अवघड गेलं नाही. अवघड होतं ते पुढचं. स्टोअर एकाच्या ताब्यात, इन्सेन्टिव्ह दुसऱ्याच्या, आणि मला बोलावलेलं एचआरने. ट्रेनर म्हणून मला कुणाच्या हद्दीत शिरावं लागत नसे. वर्ग आपला, फळा आपला. इथे स्टोअरवाल्यांनी सरळ विचारलं, “तुमचा काय संबंध?” शेवटी रिजेक्शनच्या नोंदी तासावार मांडल्या. सातनंतरचा चढ बघून तेच म्हणाले, सुपरवायझरकडे इन्सर्टची एक पेटी ठेवू. इन्सेन्टिव्ह ओके नगांवर करायचं मात्र अजून मीटिंगांतच फिरतंय.

बिलावरून घासाघीस झालीच : “ट्रेनिंग तर झालं नाही, मग पैसे कसले?” तेव्हापासून मी तपासणीचं कोटेशन वेगळं देते. एचआरला मार्चपर्यंत मॅन-डेज भरायचे होतेच. त्यांना माझ्या जुन्या सहकाऱ्याचा नंबर दिला. तो फायर सेफ्टी छान शिकवतो, आणि तिथे त्याची खरंच गरज होती.