बारावीच्या वर्गात चकवा

बारावीच्या युवकभारतीत कथा हा साहित्यप्रकार आहे. कथानक, पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती, संघर्ष, संवाद ही नावं मुलांना तोंडपाठ असतात, पण कथेत ती दाखवा म्हटलं की सगळे खाली बघतात. सिंधुदुर्गातल्या आमच्या कॉलेजात एका पावसाळी दुपारी वीज गेली, तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, कुणीतरी भुताची गोष्ट सांगा.

देवचार, गिरो, मुंजा अशी नावं पटापट आली. शेवटी मागच्या बाकावरचा एक जण उठला. त्याचा काका धयकालो, म्हणजे दशावतारी नाटक, अर्धाच सोडून अवसेच्या रात्री घराकडे निघाला. पडक्या गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, त्याने विडी टाकली. बराच चालला, तर पुन्हा तोच गडगा आणि खाली विझलेलं थोटूक. परत चालला, परत तोच गडगा. "आणि सर, ह्या टायमाक इडी पेटलेली होती."

वर्ग चिडीचूप!

तीच गोष्ट मग मी सांगितली, फक्त अवसेच्या जागी पुनव घातली आणि काकाच्या सोबतीला दोन मित्र दिले. मुलं हसायला लागली. "सर, वाट लावलात!" नेमकी कशाची वाट लागली, ते मी विचारलं. अंधार गेला, एकटेपण गेलं, अशी उत्तरं आली आणि फळ्यावर वातावरणनिर्मितीखाली मुलांचेच शब्द चढले. भीतीच्या गोष्टीत एक घटक काढला की भीतीच जाते, आणि ते मुलांना लगेच कळतं. एरवी वातावरण म्हणजे निसर्गवर्णन, असंच ती लिहितात.

खरा वाद पेटला तो निवेदकावरून. काकाच्याच तोंडून 'मी'ने गोष्ट सांगितली तर, असं विचारताच पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मगे काको वाचलो ह्या आधीच कळता. भियाचा कित्याक?" गोष्टवाला चिडला, "माझो काको जिवंतच आसा!" ती म्हणाली, "आसू दे, पण आमका शेवटाक सांग." कथानक म्हणजे घटनांची मुद्दाम केलेली मांडणी, हे समजवायला मला एरवी दोन तास लागतात.

भुतं खरी असतात का, हेही एकाने विचारलंच. परीक्षेला नाही, म्हटलं.

पुढच्या चाचणीत वातावरणनिर्मितीच्या उत्तरात काहींनी पाठ्यपुस्तकातल्या कथेऐवजी विडीच लिहिली. मी गुण दिले, पण बोर्डात असलं लिहू नका, अशी तंबीही दिली.