तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तेव्हाच का नाही बोलली?’

एखाद्या मुलीला कुणी त्रास देत होतं असं उशिरा कळलं, की पालक विचारतात, शिक्षक विचारतात, कामावर शिकाऊ मुलं ठेवणारे मालकही विचारतात. शब्द वेगळे, प्रश्न तोच: ‘एवढं सगळं चाललं होतं, तर तेव्हाच का नाही बोलली?’ मुलगा असेल तर प्रश्नाला आणखी एक शेपूट असतं: ‘त्याला काय हात नव्हते?’

मी किशोरवयीन मुलामुलींचं समुपदेशन करते. वर्गात, वसतिगृहात, मोबाइलवर होणारी दादागिरी आणि शिकता शिकता नोकरी करणाऱ्यांना कामाच्या जागी होणारा लैंगिक त्रास, असं दोन्ही माझ्यापर्यंत येतं. प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा वाईट नसतो. त्यांना मनापासून वाटत असतं, की आपण तिथे असतो तर तिथल्या तिथे एक ठेवून दिली असती.

हे ‘मी असते तर’ तपासून पाहिलं गेलंय. ज्युली वुडझिका आणि मॅरियान लाफ्रान्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी आधी काही तरुणींना नुसती कल्पना करायला सांगितली: नोकरीची मुलाखत चालू आहे आणि समोरचा पुरुष विचारतोय, तुला बॉयफ्रेंड आहे का, लोकांना तू आकर्षक वाटतेस का. बहुतेकींनी सांगितलं, आम्ही त्याला जाब विचारू, निदान एका तरी प्रश्नाचं उत्तर द्यायला नकार देऊ; काही म्हणाल्या, संताप येईल, उठून निघून जाऊ. मग दुसऱ्या काही जणींना खरोखरच नोकरीच्या मुलाखतीला बोलावून हेच प्रश्न विचारले गेले. एकीनेही उत्तर द्यायचं नाकारलं नाही. एकही उठून गेली नाही. काहींनी फार तर नम्रपणे विचारलं, की हा प्रश्न कशासाठी? आणि नंतर बोलताना त्यांनी रागापेक्षा भीतीच जास्त सांगितली.

या सज्ञान बाया होत्या, आणि पणाला लागलेली होती एक किरकोळ नोकरी. आता त्या खुर्चीत सोळा वर्षांची मुलगी बसवून बघा.

प्रसंग याहून गंभीर असेल तर शरीरच गोठतं. स्वीडनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बलात्कारानंतर तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या स्त्रियांपैकी ७० टक्के जणींनी सांगितलं, की त्या क्षणी हातपाय हलेनात, आवाज फुटेना. तेव्हा ‘ओरडली का नाही’ हे विचारायचंच नाही. विचारलं की मूल स्वतःलाही तेच विचारत बसतं, आणि ते आधीच विचारून दमलेलं असतं.

पण ‘तेव्हा’चा प्रश्न सोडला तरी ‘नंतर’चा उरतोच. त्या क्षणी जमलं नाही, ठीक. त्या रात्री का नाही सांगितलं? इथे माझं उत्तर पालकांना आवडत नाही. मुलं हिशेब करतात. त्रास देणाऱ्याची भीती असतेच, पण आपण मोठी माणसं पुढे काय करू याचीही तितकीच असते. फोन काढून घेतील. क्लास बंद करतील. बाबा शाळेत जाऊन तमाशा करतील आणि दुसऱ्या दिवशी वर्गाला तोंड मलाच द्यावं लागेल. आई रडेल. आणि सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य: ‘मग ते माझ्या हातात राहिलं नसतं.’

एक मुलगी आठवते. ओळख पटेल असे तपशील गाळून सांगते. दुकानात पार्ट-टाइम काम करायची. तिथे छातीवर नावाचा बिल्ला लावावा लागायचा. सुपरवायझर प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला ‘वाकडा लागलाय’ म्हणून स्वतःच्या हाताने तो सरळ करायचा. सगळ्यांदेखत, हसत. तिने आरशात बघून बिल्ला नीट लावून पाहिला. तरी तो वाकडाच निघाला. शेवटी तिने तो शर्टाला चार टाके घालून शिवून टाकला. घरी कुणाच्या तरी लक्षात आलं, की पोर एवढ्याशा बिल्ल्यासाठी सुई-दोरा घेऊन बसलीय, आणि त्यातून गोष्ट बाहेर आली. घरच्यांचा निर्णय दोन मिनिटांत झाला: उद्यापासून जायचं नाही. माझ्यासमोर बसल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते हे: ‘मला नोकरी सोडायची नव्हती. मला तो हात थांबायला हवा होता.’

नोकरी करणाऱ्या मुलांची अडचण शाळेतल्यांपेक्षा वेगळी असते, आणि तिकडे आपलं लक्ष कमी जातं. पहिलीच नोकरी, त्यामुळे कामाच्या जागी काय चालतं आणि काय चालवून घेऊ नये हे ताडून बघायला दुसरी जागाच माहीत नसते. कुणाला किती तास, रात्री दुकान बंद करताना कोण कोणाबरोबर एकटं राहणार, हे ज्याच्या हातात तोच कधी कधी त्रास देणारा असतो. ‘इथे आपण सगळे घरच्यासारखे’ हे वाक्य ज्या जागी वारंवार ऐकू येतं, तिथे मी जरा कान टवकारते. गिऱ्हाईकाने केलेली चावट शेरेबाजी ‘धंद्यात एवढं चालायचंच’ म्हणून सोडून दिली जाते. आणि शिकाऊ किंवा उमेदवारीवरच्या मुलांना वाटतं, आपण अजून ‘खरे’ कामगारच नाही, मग तक्रार कसली करणार? तसं नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या जगातल्या हिंसा आणि छळाविरुद्ध १९० क्रमांकाचा करार मंजूर केला. त्यात शिकाऊ, प्रशिक्षणार्थी, स्वयंसेवक आणि नोकरीसाठी अर्ज करणारे, सगळे धरलेत. कामाची जागा म्हणजे फक्त काउंटर नाही. कपडे बदलायची खोली, जेवणाची सुट्टी, कामासाठीचा प्रवास, कामामुळे येणारे मेसेज, हे सगळं त्यात येतं. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे आणि सगळ्यांनी हा करार स्वीकारलेला नाही. तरी ‘मी तर नुसता इंटर्न’ म्हणणाऱ्याला एवढं सांगितलं तरी त्याचा कणा ताठ होतो, हे मी पाहिलंय.

मुलग्यांचं वेगळं सांगायला हवं, कारण ते स्वतः त्याला छळ म्हणतच नाहीत. पॅन्ट ओढणं, कपडे बदलताना फोटो काढणं, ‘बायल्या’ म्हणून अख्खं वर्ष चिडवणं: सगळं ‘मस्ती’च्या खात्यात जमा. मी त्यांना एकच विचारते: तू ‘बस’ म्हणालास तर थांबतं का? मस्ती थांबते.

आता कुणी सांगितलंच तर. पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, यावर माझा सगळा भर असतो. ‘का’ने सुरू होणारा एकही प्रश्न नको. ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणा आणि मग विचारा: ‘तुला काय व्हायला हवंय?’ बहुतेक मोठी माणसं हा प्रश्न विसरतात. उत्तरं ऐकून चकित व्हाल. कुणाला फक्त बाक बदलून हवा असतो, कुणाला रात्रीची शिफ्ट नको असते, कुणाला तक्रार करायचीय पण परीक्षा झाल्यावर. ‘कुणाला सांगू नकोस’ असं मूल म्हणालं तर खोटं वचन देऊ नका. जिवाला धोका असेल, त्रास देणारी व्यक्ती सज्ञान असेल, किंवा मूल मरणाची भाषा करत असेल, तर पुढे जावंच लागतं. पण जाण्याआधी मुलाला सांगा: मी अमुक माणसाला सांगणार आहे, एवढंच सांगणार आहे, उद्या सांगणार आहे. आणि तेच तेच सगळं काका, मामी, मुख्याध्यापक अशा प्रत्येकासमोर पुन्हा वदवून घेऊ नका.

त्याऐवजी एकदा लिहून काढा. साधी वही पुरते. ‘मंगळवार, संध्याकाळची शिफ्ट, मागच्या खोलीच्या दाराशी. तो म्हणाला, “आज फारच नटून आलीस, कुणासाठी?” वाट अडवून उभा राहिला. मी आमच्या दोघांच्या मध्ये ट्रॉली आणली. काउंटरवरच्या मुलीने पाहिलं.’ बस, एवढंच. त्याच दिवशी, मुलाच्या शब्दांत, विशेषणं न लावता. ‘तो मला त्रास देतो’ या तक्रारीला ‘गैरसमज झाला असेल’ असं उत्तर मिळतं. वरच्या पाच ओळींना ते देणं अवघड जातं. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, आणि उत्तर किती दिवसांत मिळेल हे तिथेच विचारा.

खासगी फोटोचं प्रकरण असेल तर एक सावधगिरी. पुरावा म्हणून तो फोटो नातेवाइकांना, शिक्षकांना पुढे पाठवू नका. अल्पवयीन मुलाचा असा फोटो बाळगणं-पाठवणं हाच अनेक देशांत गुन्हा आहे. धमकीचे मेसेज आणि खात्याचं नाव यांचे स्क्रीनशॉट ठेवा. ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे, अमेरिकेतली हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीची राष्ट्रीय संस्था ती चालवते. फोटो वयाच्या अठरा वर्षांआधीचा असला पाहिजे. तो कुठे अपलोड करावा लागत नाही, तुमच्याच फोनवर त्याची ओळख पटवणारा आकड्या-अक्षरांचा ठसा तयार होतो. फक्त ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तो जुळला की त्या फोटो काढून टाकू शकतात. नावही द्यावं लागत नाही. एनक्रिप्टेड, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच न दिसणाऱ्या चॅटमधला फोटो या सेवेला सापडत नाही, ही मर्यादा. अठरा पूर्ण झाल्यावर काढलेल्या फोटोंसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ ही तशीच सेवा आहे.

शाळांना माझी एकच विनंती असते: दोघांना समोरासमोर बसवून हस्तांदोलन करायला लावू नका. स्वीडन-नॉर्वेत डॅन ओल्व्हेयस या मानसशास्त्रज्ञांनी शाळेतल्या दादागिरीचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला, तेव्हापासून तिच्या तीन खुणा मानल्या जातात: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि दोघांची ताकद सारखी नसताना केलेलं. भांडणात समेट चालतो. जिथे एक वर आणि एक खाली आहे, तिथे समेट म्हणजे खालच्याने मोठ्यांसमोर पुन्हा एकदा मान तुकवणं. संध्याकाळी गेटबाहेर त्याची वसुली होते ती वेगळीच.

त्यापेक्षा बघ्यांवर मेहनत घ्या. कॅनडात शाळेच्या मैदानांवर केलेल्या चित्रीकरणाचा अभ्यास २००१ मध्ये आला. दादागिरीच्या बहुतेक प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं होती, पण मध्ये पडली ती पाचातून एखाद्या वेळी. जेव्हा पडली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा प्रकार दहा सेकंदांत थांबला. मध्ये पडायचं म्हणजे कॉलर धरायची असं नाही. ‘ए, तुला सरांनी बोलावलंय, चल’ एवढं म्हणून त्या मुलाला तिथून बाहेर काढता येतं. हे वाक्य मी मुलांकडून मोठ्याने म्हणून घेते. लाजतात, हसतात, पण म्हणून झालेलं वाक्य ऐन वेळी तोंडात येतं.

एक राहिलं. तक्रार दिली, साहेबांनी ‘बघतो’ म्हटलं, घरचे निवांत झाले, नेमकी तिथेच गडबड होते. कुणी ओरडत नाही, धमकावत नाही. फक्त पुढच्या आठवड्याचे तास अर्धे होतात, किंवा नको असलेली रात्रीची पाळी नेमकी त्याच माणसाबरोबर लागते. शाळेत गटाच्या प्रकल्पातून नाव गळतं. तक्रारीआधीचं वेळापत्रक फोटो काढून ठेवा. नवीन लागलं की त्याचाही काढा, दोन्ही शेजारी ठेवून बघा, आणि फरक दिसला तर त्याच आठवड्यात दुसरा अर्ज द्या, पहिल्या अर्जाची तारीख घालून.