माशिकोची माती आणि माझी वही

तोक्योच्या उत्तरेला साधारण १०० किलोमीटरवर, तोचिगी प्रांतात माशिको नावाचे कुंभारांचे गाव आहे. गेली दोन वर्षे मी येथे एका कुंभाराच्या हाताखाली शिकत आहे. येताना माझ्या वहीत स्वतःच्या कल्पनेतील भांड्यांची चाळीसएक रेखाटने होती, आणि ती घडवून दाखवली की आपली शैली सिद्ध होईल, अशी माझी पक्की समजूत होती. पहिल्याच आठवड्यात मातीने ती मोडून काढली. येथील माती भरड, वाळूमिश्रित आणि लोहयुक्त असून तिच्यात चिकटपणा कमी आहे. त्यामुळे चाकावर भिंत फार पातळ ओढू लागले की ती एकतर फाटते किंवा खाली बसते. माझी रेखाटने होती पातळ काठाची आणि उंच मानेची.

त्यात चाकाचा प्रश्न निराळाच होता. जपानमध्ये चाक सहसा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि मी शिकले होते उलट्या दिशेच्या विजेच्या चाकावर. दोन्ही हातांची कामे अदलाबदल करावी लागली आणि महिनाभर मातीचा गोळा मध्यावर येईना. (इतके दिवस आपल्याला चाक येते असे मी लोकांना सांगत होते, हे आठवून आजही ओशाळायला होते.)

पुढचे सहा महिने सेन्सेईंनी, म्हणजे माझ्या कुंभार गुरूंनी, मला एकच पेला करायला लावला. चाकावर मातीचा मोठा उंचवटा ठेवायचा, त्याच्या टोकाला पेला घडवायचा, दोऱ्याने कापून काढायचा आणि लगेच दुसरा सुरू करायचा. संध्याकाळी सेन्सेई फळीवरचे दोन-तीन पेले बाजूला ठेवत आणि उरलेले मी पुन्हा मातीत कालवत असे. निवडीचे कारण ते सांगत नसत. मला राग येई. परंतु तिसऱ्या महिन्याच्या सुमारास ते कोणते पेले उचलतील याचा माझा अंदाज बरोबर येऊ लागला. जे पेले मी विशेष लक्ष देऊन सजवले होते, ते त्यांत क्वचितच असत.

या गावाचा इतिहास पाहिला की त्यांची पद्धत समजते. १८५३ मध्ये ओत्सुका केइझाबुरो यांनी येथे भट्टी लावली, ती स्वयंपाकघरातील रांजण, खल आणि किटल्यांसाठी. १९२४ मध्ये इंग्लंडहून परतलेले कुंभार हमादा शोजी मुद्दाम या रोजच्या वापराच्या भांड्यांच्या गावात आले आणि येथील माती व झिलई (भांड्यावरचा काचेसारखा लेप) घेऊनच काम करत राहिले. १९५५ मध्ये जपान सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान दिला. त्यांच्या घराचे आता संग्रहालय झाले आहे. तेथील उतारावर चढत जाणाऱ्या भट्टीसमोर मी अनेकदा नुसती उभी राहते.

माझी सर्वांत मोठी चूक भट्टीचीच. भाजलेल्या मातीतील क्वार्ट्झ हे खनिज सुमारे ५७३ अंश सेल्सिअसला आपली रचना बदलते, म्हणून त्या टप्प्यावर तापमान सावकाश उतरू द्यावे लागते. हे मला पाठ होते. तरीही मी अधीर होऊन भट्टीचे झाकण लवकर उघडले आणि आतून बारीक टणत्कार ऐकू आला. अकरा वाडगे तडकले. सेन्सेईंनी पुढच्या भाजणीच्या वेळी मला रात्रभर तापमानाची नोंद ठेवायला बसवले, एवढेच.

गेल्या महिन्यात प्रथमच त्यांनी ‘तुला हवे ते कर’ असे सांगितले. मी वही उघडली. बहुतेक आकार आता परके वाटले. एक लोटा मात्र मान काढून टाकून, काठ जाड करून आणि बूड रुंद करून पुन्हा रेखाटला. तसे सात लोटे आता कच्चे भाजून तयार आहेत. त्यांना येथील दगडाच्या भुकटीची तांबूस-तपकिरी ‘काकी’ झिलई द्यावी, की भाताच्या तुसाच्या राखेची दुधी ‘नुका’, यावर माझे अजून एकमत झालेले नाही, आणि भट्टी तर शुक्रवारी भरायची आहे.