ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) उतरला म्हणून निश्चिंत होऊ नका
आजच्या राऊंडनंतर हे लिहावंसं वाटलं. सुरगाण्याहून तापाचं मूल नाशिकला पोचेपर्यंत दोन तास सहज जातात, आणि सेप्टिक शॉकमध्ये (जंतुसंसर्गामुळे रक्ताभिसरण कोलमडतं तेव्हा) अँटिबायोटिक पहिल्या तासात जायला हवं. म्हणून पहिला डोस तिथेच द्या, मग अँब्युलन्स. ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधणारी तपासणी) जमलं तर आधी घ्या, पण त्यासाठी डोस अडवू नका.

मुलांचं बीपी सगळ्यात शेवटी पडतं. त्याआधी नाडी धावते, हातपाय गार पडतात. सलाईन किलोला १०-२० मिली, दर वेळी लिव्हर चाचपून, छाती ऐकून. लिव्हर वाढली, म्हणजे पाणी जास्त होतंय, की सलाईन थांबवा. शॉक तसाच असेल तर अ‍ॅड्रेनॅलिन (रक्तदाब सावरणारं औषध) साध्या शिरेतून सुरू करा, सेंट्रल लाइनची (मोठ्या शिरेतल्या नळीची) वाट बघू नका.

खरी कसोटी पुढे. अँटिबायोटिक बरोबर असूनही ताप हटत नाही, प्लेटलेट घसरतात, फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) हजारांत जातं. तेव्हा एचएलएचचा, म्हणजे प्रतिकारशक्ती बेभान होऊन शरीरावरच उलटण्याचा, संशय घ्या. सीआरपी (सूज दाखवणारी दुसरी तपासणी) चढलेला आणि ईएसआर मात्र उतरतोय, ही सुधारणा नव्हे! फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) संपत आलं की ईएसआर असाच खाली येतो. अशा वेळी डेंग्यू, स्क्रब टायफस (बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा ताप) पुन्हा तपासा. स्टेरॉइड, आयव्हीआयजीचा (शिरेतून द्यायच्या अँटीबॉडीजचा) निर्णय एकट्याने नको. रक्तविकारतज्ज्ञांना त्याच दिवशी फोन करा.