‘ओसाड’ त्सकाल्तुबोतलं एक दार

जॉर्जियात दहा दिवस होतो. तिबिलिसी झालं, गेलातीचा मठ झाला, प्रोमिथियसची गुहा झाली. सगळं सुंदर आहे आणि त्यावर लिहिणारेही पुष्कळ आहेत. माझ्या मनातून जात नाहीये ती त्सकाल्तुबोतली एक दुपार, म्हणून हे लिहायला बसले.

माझी भाची कुताइसीला डॉक्टरकी शिकते. आपल्याकडची बरीच मुलं तिथे आहेत. बाजारात मागून “अगं थांब ना” ऐकू आलं की मान आपोआप वळते. त्सकाल्तुबो तिथून दहा-बारा किलोमीटर. मार्श्रुत्काने जायचं. मार्श्रुत्का म्हणजे आपलं वडापच, भरली की निघते.

मी तिथे जायचा हट्ट धरला होता तो फोटो बघून. इंटरनेटवर ‘ओसाड पडलेली सोव्हिएत आरोग्यधामं’ म्हणून ते फिरतात: कमानी, गोल जिने, छतातून पडणारं ऊन, भिंतीतून उगवलेली अंजिराची झाडं. मला तसेच फोटो काढायचे होते. नवा फोन मुद्दाम त्यासाठी घेतला होता.

गावाचं नावच पाण्यावरून आलंय. जॉर्जियनमध्ये त्सकाली म्हणजे पाणी आणि त्बिली म्हणजे कोमट; तिबिलिसीच्या नावातही हाच कोमटपणा आहे. त्सकाल्तुबोचं पाणी जमिनीतून 33 ते 35 अंशांवर येतं. तापवायला नको, निववायलाही नको. त्यामुळे झऱ्याचं पाणी थेट हौदात येतं आणि सतत वाहून जातं. त्यात अगदी थोडा रेडॉन वायू असतो. तो चार दिवसांच्या आत निम्मा होतो, म्हणून हे पाणी बाटलीत भरून घरी न्यायचं तर फारसा उपयोग नाही. माणसानेच झऱ्यापाशी यायचं. सांधेदुखी, त्वचेचे विकार, मूल होत नाही, अशा तक्रारी घेऊन लोक यायचे.

1931 मध्ये सोव्हिएत सरकारने याला अधिकृत आरोग्यस्थळ ठरवलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर गाव खरं उभं राहिलं. मध्ये मोठी बाग, बागेत नऊ स्नानगृहं, भोवती वर्तुळात वीसेक सॅनिटोरियमं. सॅनिटोरियम म्हटलं की आपल्याला क्षयाचे रोगी, पाचगणी, देवळाली आठवतं. इथे तसं नव्हतं. खाणीतला कामगार, भट्टीवरचा कामगार इथे सुट्टीला आणि उपचाराला यायचा, कामगार संघटनेने दिलेली चिठ्ठी घेऊन. तिला पुत्योव्का म्हणत. 1936 च्या सोव्हिएत राज्यघटनेत विश्रांतीचा हक्कच लिहिलेला होता. इमारतींची नावंही तशीच: ‘मेतालुर्गी’ धातुकामगारांची, ‘शाख्त्योरी’ खाणकामगारांची. मॉस्कोहून थेट रेल्वे होती आणि भरभराटीच्या काळात वर्षाला लाखाच्या वर माणसं येत. स्टालिन मूळचा जॉर्जियाचा, त्याच्यासाठी सहा नंबरचं स्नानगृह बांधलं. दारावर अजून त्याची कोरीव आकृती आहे आणि आत अजून लोक पाण्यात बसतात.

कामगाराला गुडघ्याच्या उपचारासाठी संगमरवरी खांबांच्या महालात पाठवायचं, ही कल्पना मला फार आवडली. त्या राजवटीने काय काय केलं ते माहीत असूनही आवडली.

1991 ला सोव्हिएत संघ मोडला, चिठ्ठ्या बंद झाल्या, गाड्या बंद झाल्या. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पुढची मला त्या दुपारी कळली.

बागेत गाई चरत होत्या. एका मोठ्या सॅनिटोरियममध्ये शिरलो. जिन्याचे कठडे उपटून नेलेले, जमिनीवरच्या लाकडी पार्केटच्या फळ्या गायब, वर नक्षीदार छत तेवढं शाबूत. मी फोटो काढत दुसऱ्या मजल्यावर गेले. लांब, अंधारी बोळासारखी जागा, दोन्ही बाजूंना खोल्या. एक दार अर्धवट उघडं होतं, आत ऊन दिसत होतं. खिडकीचा फोटो छान येईल म्हणून मी दार ढकललं.

आत इस्त्रीचा पडदा होता. पलंगावर ताठ घातलेली चादर, खिडकीत टोमॅटोच्या डब्यात लावलेली तुळशीसारखी काहीतरी रोपं, आणि टेबलाशी एक म्हातारी अक्रोड फोडत बसलेली. माझ्या हातात फोन तसाच उभा धरलेला.

त्या क्षणी जी लाज वाटली ती आत्ता लिहितानाही वाटतेय. मी कुणाच्या तरी घरात न विचारता शिरले होते, तेही ते मोडकं आहे म्हणून.

भाची मागून धावत आली, तिच्या मोडक्यातोडक्या जॉर्जियनमध्ये माफी मागायला लागली. म्हातारी उठली, हात पुसले आणि म्हणाली, “शेमोदित.” या, आत या.

त्या सोखुमीच्या, म्हणजे जॉर्जियापासून फुटून निघालेल्या अबखाझियाच्या राजधानीच्या. अबखाझियात 1992 मध्ये युद्ध सुरू झालं आणि 27 सप्टेंबर 1993 ला सोखुमी अबखाझ फौजांच्या हाती पडलं. दोन लाखांहून जास्त जॉर्जियन लोकांना घरदार सोडावं लागलं. कित्येक जण स्वानेतीच्या डोंगरातून पायी आले, काही वाटेतच थंडीने गेले. हजारो माणसांना कुठे ठेवायचं? त्सकाल्तुबोची सॅनिटोरियमं रिकामी होती. तात्पुरतं म्हणून आणलं. वीज नाही, हिवाळा. फळ्या जाळल्या, लोखंड भंगारात विकलं. मघाशी ज्या उघड्या जमिनीचा मी फोटो काढला होता, तिच्या फळ्या कुणाच्या तरी लेकरांना ऊब द्यायला गेल्या होत्या. ‘तात्पुरतं’ तीस वर्षं चाललं. अलीकडे बहुतेक कुटुंबांना नव्या इमारतींत फ्लॅट मिळालेत, काही अजून इथेच आहेत.

त्यांनी लांब दांड्याच्या पितळी भांड्यात कॉफी केली. साखर किती हे विचारलं नाही, भरपूर घातली. अक्रोडाचे अख्खे गर वेगळे काढून आमच्या पुढ्यात ठेवले आणि तुकडे स्वतः खाल्ले. माझी आज्जी काजूचं असंच करायची.

भाची भाषांतर करत होती. “मावशी, त्या म्हणतायत, सोखुमीला त्यांचं घर होतं, समुद्रापासून जवळ, अंगणात मॅंडरिन संत्र्यांची झाडं होती.” मग ती थांबली. त्यांना काहीतरी पुन्हा विचारलं. “नाही, मी चुकले. त्या ‘मक्व्स’ म्हणाल्या. ‘म्कोंदा’ नाही. होतं नाही, आहे. माझं घर आहे.”

बाहेर तेवढ्यात गलका झाला. सात-आठ परदेशी पर्यटक, बरोबर वाटाड्या, ट्रायपॉड. एकाने याच दाराशी येऊन आत डोकावलं आणि आमच्यासकट फोटो काढला. एक शब्द न बोलता. म्हाताऱ्या बाईंनी उठून शांतपणे दार लावलं. त्या हालचालीत इतकी सवय होती की मला रडू फुटेल असं झालं. मी ओरडणार होते त्या माणसावर. पण अर्ध्या तासापूर्वी तो माणूस मीच होते.

मला एवढंच कळकळीने म्हणायचंय की त्सकाल्तुबोला ‘ओसाड’ म्हणू नका. दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. जायचं तर जा, पण बंद असो की उघडं, दार वाजवा.

संध्याकाळी सहा नंबरला जाऊन वीसेक मिनिटं पाण्यात बसले. पाणी अंगाच्या ऊबेइतकंच, त्यामुळे थोड्या वेळाने पाणी कुठे संपतं आणि आपण कुठे सुरू होतो ते कळेना. पायाला फक्त प्रवाह लागत होता. गुडघा दोन दिवस बरा होता.

परतीच्या मार्श्रुत्कात मी भाचीला आज्जीबद्दल सांगत होते. आज्जीचं गाव कोयनेच्या धरणात गेलं. पुनर्वसनात माळावर जागा मिळाली, तिथेच तिचं आयुष्य गेलं, पण ती शेवटपर्यंत “आमच्या गावाकडं असं असतं” म्हणायची. आम्ही पोरं हसायचो. पाण्याखाली कसलं आलंय असणं!

“पणजी परत कधी गेलीच नाही का तिकडे?” भाचीने विचारलं.

गेली होती. एका उन्हाळ्यात शिवसागरचं पाणी खूप उतरलं, तेव्हा मामा तिला लाँचमधून घेऊन गेला. घराचं जोतं उघडं पडलं होतं. दगड ओळखू येत होते. लाँच काठाला लागली, मामाने हात पुढे केला, आणि ती उतरली नाही.